शिट्टी ओळखणारे भाऊराव

लेकीच्या लग्नात वरबाप रुसून गादीवर बसलेला असेल, या तयारीने मी पाय धुवायचं पाणी घेऊन गेले, तर गादी रिकामी. आमचे व्याही भाऊराव मंडपामागे आमच्याच भाड्याच्या जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. "ईनबाई, हिची शिट्टी आयकली का? टर्बो जाते हिचा." विहिणीशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

अकोल्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव जुन्या गाड्यांत. बारशाला गेले तरी पाळण्याआधी अंगणातली गाडी ऐकायचे. टर्बो मला त्यांनीच समजावला. "इंजिनाच्या छातीत हवा भरणारा पंखा हाय तो. चांगला असला का हलूच फुंकर घालते, लेकराच्या दुधावर घालावी तशी. शिट्ट्या मारून रायला, का समजा बिघडला."

नवी गाडी घेतली तेव्हा त्यांनी आपली जुनी डिझेल गाडी आम्हाला दिली. "बाहेरच्याले कायले देऊ? घरातच राहू द्या." ती अमरावतीला आणताना मूर्तिजापूरच्या पुढे आमच्या ह्यांनी ट्रक ओलांडायला पाय दाबला, तर गाडी ओढेचना. मागे काळा धूर, पुढे कुकरसारखी शिट्टी.

"व्याह्यांना कळवायचं नाही," हे म्हणाले. "पोरगी त्यांच्या घरात आहे."

मिस्त्रीकडेही न्यायची सोय नव्हती. व्याह्याने दिलेल्या वस्तूत खोट काढली, ही बातमी आमच्याआधी अकोल्याला पोचली असती. मग आम्ही दोघं धूर सोडत, हसतमुखाने गावभर हिंडलो.

तेव्हा मी पन्नाशीची, अजून कोणाची आजी झालेली नव्हते, आणि स्वतःला फार हुशार समजायचे. व्याह्यांना सांगितलं नाही. लेकीला फोनवर टोचायला लागले. "तुझ्या सासऱ्याला साऱ्या वऱ्हाडातल्या गाड्यांची शिट्टी ऐकू येते, स्वतःचीच बरी येत नाही! आम्हालाच खपवली." वैशाली म्हणायची, "आई, बस ना." पुढे तिचे फोनच कमी झाले. मी म्हटलं, झाली सासरची.

उन्हाळ्यात भाऊराव रसाच्या जेवणाला आले. पाटावर बसण्याआधीच मी ह्यांना गाडी सुरू करायला लावली. मला त्यांचं तोंड पाहायचं होतं. शिट्टी ऐकून समोरची बाई गॅलरीत आली. भाऊराव मात्र कौतुकाने म्हणाले, "पाहा, कशी गुपचूप चालून रायली."

"अगबाई, शिट्टी ऐकू नाही येत तुम्हाला?" मी हसून विचारलं. माझ्यातल्या त्या हसणाऱ्या बाईला आज चांगला चिमटा काढावासा वाटतो.

त्यांनी गाडी बंद करायला लावली, निवू दिली, पाईप काढला आणि बोटांनी आतला पंखा हलवून पाहिला. पंखा डुगडुगत होता. बोटं तेलाने माखली. ते तसेच पायरीवर बसले.

"सूनबाई म्हणे, मामाजी, टीव्ही बारीक करा. मी म्हणो, तुलेच जास्त आयकू येते." मग मला म्हणाले, "ईनबाई, तुमी मले लबाड समजल्या असान."

"काहीतरीच काय!" म्हणत मी रस वाढायला आत पळाले.

त्यांना कमी ऐकू येतं, हे वैशालीला आधीच माहीत होतं. "त्यांना हे कळलं असतं ना आई, तर त्यांनी पुन्हा कोणाचं बॉनेट उघडलं नसतं," ती म्हणाली. तेवढ्यासाठी पोरगी माझे टोमणे गिळत राहिली होती.

टर्बो त्यांनी स्वतः उभं राहून बदलून दिला. त्यानंतर मात्र खरंच कोणाचं बॉनेट उघडलं नाही. लग्नांत एका बाजूला खुर्चीवर बसायचे, समोरच्याच्या ओठांकडे पाहून "हो, हो" म्हणायचे.

ते गेले, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एका मांडवात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली. मी जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "भाऊराव, मी तुम्हाला लबाडच समजले होते. माझं चुकलं."

ते माझ्याकडे वळून प्रसन्न हसले. "हो, हो. लय ऊन हाय यंदा."

पुन्हा सांगायचं, तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि मागच्या रांगेत चार ओळखीच्या बाया बसल्या होत्या.

"हो ना," मी म्हणाले, "फारच ऊन."