बारकीचे तीन चमचे

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही बारकी म्हणतो. लहानपणी ती काडीसारखी होती म्हणून. आता ती आत येऊ लागली की दारच विचारात पडतं. विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या खानावळीत तिने एकतीस वर्षं स्वयंपाक केला. कोणाचं पोट बिघडलंय, कोण घरच्या आठवणीने रडून आलंय, हे तिला ताट पुढे आलं की कळायचं. एका पोराचं लग्नसुद्धा तिने भात वाढता वाढता जमवलं होतं, पण ते राहू दे, ती गोष्ट लांबेल.

माझी नात तिथेच शिकते. तिच्या वर्गाने खाण्याचं आणि व्यायामाचं ॲप काढलं. पोरांनाच ते हवं होतं. विचारलं तेव्हा दहातल्या आठांनी हात वर केले. किती पावलं चाललो, काय खाल्लं, सगळं फोन सांगणार. हिरवा ठिपका म्हणजे बिनधास्त खा, लाल म्हणजे जपून. नात वही घेऊन बारकीकडे गेली आणि विचारलं, भाजीत माणशी तेल किती?

बारकी घालायची एकच चमचा. पण हात आखडता आहे असं कोणी म्हटलं तर ती शिवी समजायची. ऐटीत म्हणाली, "तीन चमचे. लिही."

नातीने लिहिलं.

सोमवारी ॲप सुरू झालं आणि सगळ्या भाज्या लाल. पोरं फोन बघायची, सफरचंद उचलायची आणि निघून जायची. पातेली भरलेलीच परत येऊ लागली. पंधरवड्यात वसतिगृहाच्या साहेबांनी सांगितलं, महिनाअखेर स्वयंपाकघर बंद, डबे बाहेरून येतील.

बारकी पदराला हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, एकच चमचा घालते मी. नातीपुढे बढाई मारली."

"मावशी, नोकरी जाताना सगळे असंच बोलतात," ते म्हणाले, तेही अगदी मायेने.

नातीने मात्र मापून पाहिलं, त्याच दिवशी आकडा बदलला. भाज्या हिरव्या झाल्या. पण डब्यांच्या करारावर सह्या झाल्या होत्या.

आता बारकी माझ्याकडे असते. नात शरमेने घरी फिरकत नाही. काल रविवारी बारकीने नातीच्या आवडीची भाजी केली आणि म्हणाली, "दादा, तिला सांग, खोटं मीच बोलले. जेवली असेल का रे पोर?"

मी फोन लावला. वाजत राहिला. बारकीने तिचं ताट वाढून झाकून ठेवलं.