जागा आणि स्थळ

मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती, आणि ती मला मिळाली नाही तर येत्या वैशाखात माझं लग्न उरकून टाकायचं, असं दादाने बजावलं होतं. तो मनमाडला रेल्वेत होता. वडील गेल्यापासून घर त्याच्यावर चालायचं, तेव्हा शब्दही त्याचाच चालायचा. मी ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात उतरले होते. जागा माझीच, असं मी धरून चालले होते.

मुलाखत शाळेच्या सेक्रेटरींच्या पंचवटीतल्या घरी होती. एकटी कशी जाणार, म्हणून आई सोबत आली. तिला आत बायकांत बसवलं, मला बाहेर. गणित नाही, व्याकरण नाही. रात्रभर जागून काढलेलं पाठाचं टाचण तसंच हातात राहिलं. सेक्रेटरींनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मला वाटलं, मुलींना शिकवायचा असेल. म्हटलं, "येतो." मग एक अभंग म्हणायला लावला. प्रार्थनेला लागत असेल, म्हणून तोही म्हटला. पुढ्यात पोह्यांची बशी आली तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पायऱ्या उतरल्यावर आई म्हणाली, "आत गोत्र विचारत होत्या."

"शाळेला गोत्र कशाला?" मी म्हटलं.

आठवड्याभरात सेक्रेटरींकडचे एक गृहस्थ निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे. मी धावत जाऊन देवापुढे साखर ठेवली. परत येते तो गृहस्थ पुढचं सांगत होते. पसंत केली होती ती सेक्रेटरींच्या भाच्यासाठी. आणि शाळेतली जागा? ती भाच्यालाच दिली होती. "पगार शेवटी तुमच्याच घरात येणार की," असंही सेक्रेटरींनी मुद्दाम सांगायला सांगितलं होतं. राग नंतर आला. आधी मी नुसती बधीर होऊन चुलीपुढे बसून राहिले.

रविवारी दादा घरी आला. त्याच्या मते दुधात साखरच पडली होती. मी नाही म्हटल्यावर तो खूप चिडला. शेवटी म्हणाला, "पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. पण वैशाख टळत नाही. हा नाही तर दुसरा."

स्थळ नाकारायची ही आपल्याकडची सभ्य रीत. हातची जागा गेली की काय म्हणायचं, याची रीत मात्र कुणी घालून दिलेली नव्हती. म्हणून मी आईला घेऊन स्वतःच गेले. नमस्कार करून म्हटलं, मुलाखतीला बोलावलंत, आभारी आहे. पत्रिका जुळत नाही. पुढे शाळेत जागा निघाली तर माझा विचार व्हावा, एवढी विनंती आहे. जिभेवर आलेलं बाकी सगळं गिळलं.

सेक्रेटरींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता ते आईला म्हणाले, "अहो, स्वतःच्या लग्नाचं स्वतः बोलायला येते, अशी मुलगी शाळेत कशी ठेवायची? बाकीच्या मुलींना काय वळण लागेल?"

मी थक्क झाले. इतकं गोड बोलून हे फळ?

परक्या पुरुषापुढे आईने आजवर तोंड उघडलं नव्हतं. दादाच्या शब्दापुढेसुद्धा ती कधी गेली नव्हती. तिने पदर सावरला.

"बरं," ती म्हणाली, "मग हिच्यासाठी दुसरी शाळा बघते मी. आम्हाला काही घाई नाही."