बहुसंख्येने उपस्थित राहावे

पत्रक कसं लिहायचं हे मला संघटनेत शिकवलं. मथळा चालत्या रिक्षातून वाचता आला पाहिजे. विशेषणं कमी. कोण, काय, कशासाठी हे पहिल्या तीन ओळींत. आणि शेवटी ठळक अक्षरांत तारीख, वेळ, ठिकाण, कारण ते लिहायचं राहून गेलं तर लोक चिडतात पण जमायचं कुठे ते त्यांना कळत नाही. नाल्याच्या पाण्यावर, खड्ड्यांवर, टँकरवर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की कुणी मला वाढदिवसाचं कार्ड लिहायला दिलं तर मी आधी मागण्या काय आहेत ते विचारते.

वहिनीच्या फोटो स्टुडिओचं इन्स्टाग्राम माझ्याकडे आलं ते याच शिक्षणाच्या जोरावर. स्टुडिओ बोईसरला, नवापूर रोडच्या एका गाळ्यात. वहिनी माहेरची मासवणची. लग्नाआधी पालघरला एका स्टुडिओत अल्बम चिकटवता चिकटवता कॅमेरा शिकली. आता दिवसभर कंपन्यांत नव्याने लागलेले कामगार गेटपासच्या फोटोसाठी येतात आणि ती त्यांना हिंदीत मान सरळ करायला सांगते. पण तिच्या मोबाईलमध्ये सुट्टीच्या दिवशी काढलेले असे फोटो पडून होते की मी बघतच बसले. आणि स्टुडिओच्या पेजवर ही बाई टाकायची काय? गुलाबाचं फूल. त्याखाली शुभ सकाळ. त्याखाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. मला राग आला. मला राग लवकर येतो. याबद्दल तक्रार असेल तर संघटनेकडे करावी.

मी पासवर्ड मागून घेतला आणि पहिला फोटो टाकला सातपाटीचा. काठ्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, हात वर, पदर खोचलेले. खाली लिहिलं : "हे काम कोण करतं? बायका. मासळीच्या बातमीत फोटो कुणाचा येतो? होडीचा. का?" संध्याकाळपर्यंत खाली भांडण पेटलं. होडीवाले म्हणाले, मासळी काय काठीवर उगवते का. बायका म्हणाल्या, मग उद्यापासून तुम्हीच वाळवा. कुवेतला नोकरीला असलेला कुणीतरी दोन्ही बाजूंना शांत राहायला सांगत होता आणि दोन्हीकडून बोलणी खात होता. वहिनी घाबरली. तिचं म्हणणं, गिऱ्हाईक तुटेल. माझं म्हणणं, भांडायला तरी माणसं येतायत, गुलाबाशी कोण भांडणार? पेज वाढायला लागलं.

मग मासवणच्या बाजूचं एक कुटुंब टाकलं. भातकापणी झाली की ही माणसं कामासाठी बाहेर पडतात. निघायच्या आधी त्यांनी वहिनीला बोलावलं होतं, पण घरच्या बाईची अट होती की गाठोडी फोटोत दिसता कामा नयेत. बातम्यांत त्यांचे फोटो कायम गाठोड्यांसकटच येतात. म्हणून सगळे ओटीवर, लग्नातल्या साड्या नेसून, कोंबडीसुद्धा फोटोत. मी खाली फक्त लिहिलं : "हे कुटुंब घरी आहे." त्यावर कुणी भांडलं नाही. पण तो फोटो इतका फिरला की वहिनीला लग्नांचं विचारणारे फोन यायला लागले.

त्यातलाच एक फोन नवापूरच्या एका मुलीचा. कंपनीत लॅबला होती, बोलायला रोखठोक, त्यामुळे मला ती लगेच आवडली. हळद, लग्न, समुद्रावरची रील, सगळं तिला आमच्याकडूनच हवं होतं. किनारपट्टीवरचं आमचं हे पहिलं मोठं काम. वहिनीने तिला कुठले फोटो हवेत ते विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाकी तुमी काय पण काढा. मला एक फोटो पायजे. मामा मला मांडवात नेतो तो."

मामा सातपाटीचा. तांडेल, म्हणजे होडीवर सगळ्यांना हुकूम देणारा माणूस. शाळेची वर्षं ही मुलगी त्याच्याच घरी राहिली होती. त्याच्या खांद्यावर बसून ती बंदरावर जायची, हे तिने आम्हाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या लक्षात आलं आणि ती हसली.

रील झकास झाली. ओहोटीची वेळ, ओली वाळू, नवरदेवाची चप्पल एका लाटेने नेली आणि तो तिच्यामागे धावला, ते वहिनीने तसंच ठेवलं. खाली मजकूर लिहायचं काम माझं. मी जसं लिहिते तसं लिहिलं. शेवटी ठळक अक्षरांत तारीख, वेळ, ठिकाण, आणि त्याखाली हाताच्या सवयीने उतरलेली ओळ : "तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे."

दुसऱ्या दिवशी ती रील नवापूरपासून सातपाटीपर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसला होती. मी खुशीत. त्याच संध्याकाळी मुलीच्या आईचा वहिनीला फोन आला, आणि वहिनीने मला "वन्सं" म्हणून हाक मारली. एरवी ती मला नावाने बोलावते. वन्सं म्हटलं की समजायचं, माझं काहीतरी अंगाशी आलंय.

झालं होतं ते असं. लग्नाचं आवतण अजून कुणालाच गेलं नव्हतं. देवाला अक्षत ठेवून झाली होती. त्यानंतरची पहिली अक्षत मामाची, आणि मामा होडी घेऊन समुद्रात. तो किनाऱ्याला लागला की बहीण स्वतः जाऊन त्याच्या हातात अक्षत देणार आणि मग बाकीच्यांना सांगणार, अशी रीत. त्याच्यासाठी सगळे थांबले होते. तर होडी परत येताना नेटवर्कमध्ये शिरली, खलाशांचे मोबाईल वाजायला लागले, आणि एका खलाशाने तांडेलाला विचारलं की भाचीच्या लग्नाला आपल्याला होडीवरून सुट्टी किती दिवस. मामाला आपल्या भाचीच्या लग्नाची तारीख अशी कळली. किनाऱ्याला उतरताना तो सगळ्यांच्या देखत एकच वाक्य बोलला : "मोबाईलवर बोलावलंय ना? मग लगीनपण मी मोबाईलवरच बघीन."

मी वहिनीशी वाद घातला. लग्न काय गुप्त ठेवायची गोष्ट आहे? माहिती सगळ्यांना एकाच वेळी मिळाली, यात अन्याय कुणावर झाला? उलट आधी कुणाला आणि नंतर कुणाला, ही उतरंडच मोडायला हवी. वहिनी लेन्स पुसत होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाली, "पत्रक वाटतात. आवतण नेऊन देतात. चल, चप्पल घाल."

मुलीची आई, वहिनी आणि मी रिक्षाने सातपाटीला गेलो. मामी दारातच टोपल्या धूत होती. तिने आम्हाला बघितलं आणि आत ओरडून सांगितलं की इन्स्टाग्राम आलंय. मामा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. बहिणीने अक्षत पुढे केली, ती त्याने घेतली, डोक्याला लावली, खिशात ठेवली. बहिणीवर त्याचा राग नव्हताच. मग त्याने विचारलं, कागद लिहिणारी कोण. मी म्हटलं, मी. त्याने मला नीट बघून घेतलं.

"बहुसंख्येने म्हणजे किती गो? जेवायला कोण घालेल, तुझी संघटना?"

मामी टोपलीआडून हसली. मीही गप्प बसणारी नव्हे. मी म्हटलं, मामा, रागवायचं तर माझ्यावर रागवा, भाचीला एकच फोटो हवाय आणि तो तुमच्याशिवाय निघत नाही. त्यावर त्याने जाळ्याची हातातली गाठ ओढून घट्ट केली. मग त्याने निकाल दिला. आळीत ज्यांनी ज्यांनी ते वाचलंय त्या प्रत्येकाला रीतीने सांगायचं. घरात जाऊन. अक्षत घेऊन. आणि हे काम बहिणीसोबत मी करायचं. त्याच्या येण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "मी बोललो ते बोललो. मोबाईलवर बघीन." मामीने मान हलवली. होडीवर आणि बाहेर त्याने एकदा सांगितलेलं तो फिरवत नाही, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं.

मी घरोघरी पुष्कळ फिरलेली आहे. पत्रक वाटताना दार अर्धं उघडतं, हात बाहेर येतो, कागद आत जातो, संपलं. अक्षत द्यायला गेलं की आत बसावं लागतं. पाणी घ्यावं लागतं, चहा नाही म्हणता येत नाही. तू मुलगी कुणाची, बाप काय करतो, अजून लगीन का नाय केलं, याची उत्तरं द्यावी लागतात. एका आजीने मला बोंबलावरच्या भांडणातलं तिचं मत सविस्तर ऐकवलं. ते मी टाकलेल्या मजकुरापेक्षा जहाल होतं. बाहेर पडताना मी प्रत्येक घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर आमचं पेज उघडून फॉलो करून देत होते. वहिनी मला कोपराने ढोसत होती. पण आळी संपेपर्यंत एकाला रंगवलेल्या होडीचा फोटो हवा होता, दुसरीकडे बारसं होतं, आणि त्या आजीला आपला फोटो आत्ताच, हसतानाच काढून ठेवायचा होता. वहिनीने तो तिथेच काढला. आता सांगा, चूक कुणाची होती? मी अजूनही विचारते. वहिनी अजूनही लेन्स पुसायला घेते.

हळदीला मामाकडून मासळी आली, मामा आला नाही. मुलगी आमच्याशी बोलताना हसत होती आणि मध्येच रस्त्याकडे बघत होती.

लग्नाच्या दिवशी सातपाटीची अख्खी आळी टेम्पो करून आली. बहुसंख्येने. मी पेजवर लाईव्ह लावून मांडवाच्या तोंडाशी उभी, वहिनी कॅमेरा घेऊन समोर. मुलगी नटून दारात आली आणि तिथेच थांबली. आईने तिचा हात धरायला हात पुढे केला तेव्हा मागून मामा आला. नवा सदरा, डोक्याला टोपी, आणि डाव्या हातात डोळ्यांसमोर धरलेला मोबाईल. मोबाईलवर आमचं पेज, त्यावर आमचं लाईव्ह. मुलीकडे न बघता त्याने उजवा हात तिच्यापुढे केला आणि निघाला. मोबाईलवर बघतच.

नवापूरला नेटवर्क कसं आहे ते मी वेगळ्या पत्रकात लिहीन. चार पावलांवर मामा थांबला. भटजी घाई करत होते, आतून बायका हाका मारत होत्या. मामाने मोबाईल भाचीला दाखवला.

"थांब जरा. ह्याच्यात तू अजून घरातच हाय."

मुलगी इतकी हसली की मुंडावळ्या हलायला लागल्या. मग अख्खा मांडव मोबाईलमधली नवरी घराबाहेर पडायची वाट बघत उभा राहिला. ती पडली. मामाने मोबाईलकडे बघूनच मान डोलावली आणि पुढचं पाऊल टाकलं. वहिनीने काढलेला फोटो तेव्हाचा आहे. मामाचे डोळे मोबाईलवर, मुलीचे मामावर, दोघांचे हात घट्ट.

या खेपेला फोटो छापून आधी सातपाटीला मामाच्या हातात दिला, मग पेजवर टाकला. वहिनीने बजावलं होतं की तारीख, वेळ, ठिकाण काहीही नको. मी लिहिलं, "मामा आले."

खाली पहिली कमेंट मामाची होती. आमच्या पेजवर तो त्याआधी कधी काही बोलला नव्हता.

"आलो नाय. मोबाईलवर बघितलं."