रँचवरचे रोडगे

"सर, तुमच्या नावानं बुकिंगच नाहीये," रँचचा मॅनेजर टॅबवर बोट सरकवत म्हणाला. यादी तो तिसऱ्यांदा पाहत होता. माझ्यामागे गाडी उभी होती, गाडीत सोळा माणसं होती आणि एसी बंद होता. चिखलदऱ्याहून निघून आम्हाला पाच तास झाले होते. घाटात तिघांना उलट्या झाल्या होत्या. त्यातला एक मी होतो.

हा रँच संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रँच हा शब्द आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवा. पूर्वी अशा जागेला शेत म्हणत. शेतातून पीक गेलं आणि घोडे आले की त्याचा रँच होतो. इथे आठ घोडे होते, फोटोसाठी दोन गीर गायी होत्या, लाल कौलांची कॉटेजेस होती, आणि निळ्या पाण्याचा एक तलाव होता, ज्यात उतरायला वेगळे कपडे लागत.

"मॅनेजरसाहेब, आमचं बोलणं झालेलं आहे," मी म्हणालो.

"कोणाशी?"

इथे अडचण होती. बोलणं झालं होतं ते दादाचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो चार महिन्यांपूर्वी वारला. ज्या माणसाने पंचवीस वर्षं गाड्या घाटांतून सुखरूप उतरवल्या, तो रविवारी दुपारी घरच्या सोफ्यावर गेला. हातात रिमोट होता. समोर टीव्हीवर काय लागलं होतं ते पाहायचं कोणालाच सुचलं नाही.

आमची टूर कंपनी दोघांची. दादा रस्त्यावर, मी बुलढाण्याच्या ऑफिसात. बावीस वर्षं मी खुर्चीत बसून सहली काढल्या. माहितीपत्रकं मी लिहायचो. 'निसर्गरम्य' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याला हिशेब नाही. दादा म्हणायचा, निसर्गरम्य म्हणजे संडास लांब आहे. मी लिहिलेली ठिकाणं मी पाहिलेली नव्हती. मला पुस्तकं पुरत होती, आणि गाडी लागत होती.

दादा गेल्यावर वहिनी म्हणाल्या, गाडी माझ्या नावावर आहे, ती विकून टाकू. मी म्हणालो, एक टूर मी स्वतः नेऊन दाखवतो. त्या म्हणाल्या, दाखवा. मीही येते. नीट झाली तर गाडी राहील, नाही तर सोमवारी गिऱ्हाईक बोलावते. असं ठरलं. तेव्हा रँचच्या गेटवर नुसतं बुकिंग अडलेलं नव्हतं.

आमच्या धंद्यात व्हाउचर नावाचा कागद असतो. अमुक तारखेला इतक्या खोल्या तुमच्या, असं हॉटेलने लिहून दिलेलं असतं. दादाला व्हाउचर आवडत नसे. त्याच्या डायरीत या तारखेसमोर 'रँच, बोललो' एवढंच होतं. दादाच्या लेखी 'बोललो' म्हणजे पक्कं. पण तो बोलला होता तो मॅनेजर नोकरी सोडून गेला होता, आणि हा नवा पुण्याहून आलेला मुलगा टॅबवर विश्वास ठेवणारा होता.

तेवढ्यात आमचे ड्रायव्हर रशीदभाई खाली उतरले. दादाबरोबर त्यांनी पंधरा वर्षं काढली आहेत. ते माझ्याकडे न बघता मॅनेजरला म्हणाले, "साहेब, ते पाहुण्यांची यादी राहू द्या. दुसरी पाहा. दादाचं नाव तिकडं असते."

मॅनेजरने दुसरी यादी उघडली. तिथे कार्यक्रम असतात. त्याचा चेहरा उजळला. "आज संध्याकाळी गावरान रोडगे, लाइव्ह. टीम सोळा जणांची. तुम्ही रोडग्याची टीम आहात का?"

मी म्हणालो, नाही हो, आम्ही पर्यटक आहोत.

"हाव, आमीच," माझ्या मागून गंगाबाई म्हणाल्या.

गंगाबाई चिखलीजवळ भाजीपाला पिकवतात. दर वर्षी कोथिंबिरीचं शेत मोकळं झालं की टूरला येतात. त्यांच्याकडून आणि रशीदभाईंकडून मला पुढच्या पाच मिनिटांत आमच्या कंपनीचं कामकाज कळलं. दादा दर वर्षी ज्या भावात लोकांना या महागड्या रँचवर मुक्काम देत होता, तो भाव मी पत्रकात छापायचो आणि दादाच्या ओळखीचं कौतुक करायचो. ओळख वगैरे काही नव्हती. आमची माणसं संध्याकाळी लॉनवर गवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायची, वांग्याची भाजी करायची, आणि पुण्या-नागपूरचे पाहुणे जास्तीचे पैसे भरून ते बघायचे आणि खायचे. त्या बदल्यात कॉटेजेस जवळजवळ फुकट. गाडीतले खिल्लारे गुरुजी तर तीन वर्षं बाजेवर बसून पाहुण्यांना शेतीविषयी माहिती देत होते. गुरुजींनी जन्मभर भूगोल शिकवला. त्यांच्याकडे कुंडीसुद्धा नाही.

मला हे कोणी सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तुमी कधी इचारलं काय?" गंगाबाई म्हणाल्या. "तुमी तर फोनवर इचारता, खिडकीची सीट पायजे का."

मी मनात हुश्श केलं. खोल्या होत्या. मॅनेजरने गेट उघडायला सांगितलं आणि सहज विचारलं, "कणीक, वांगी किचनमध्ये आहेत. तुमचं मटेरियल कुठे आहे?"

गंगाबाई वर बघायला लागल्या. रशीदभाईंनी खाली पाहिलं. गाडीच्या टपावरचं कॅरियर रिकामं होतं.

आता मला सांगावं लागलं. निघताना गंगाबाईंनी गवऱ्यांचं एक पोतं गाडीवर चढवलं होतं. रशीदभाईंनी ते काही न विचारता बांधलं. मला वाटलं, बाईंना कोणा नातेवाइकाकडे पोचवायचं असेल. चिखलदऱ्याला हॉटेलच्या पार्किंगमध्ये शेजारी मोठ्या गाड्या होत्या. त्यातल्या एका कुटुंबाने आमच्या पोत्याचा फोटो काढला. मी गाडीला 'लक्झरी हिल टूर' असा बॅनर लावला होता, आणि फोटोत बॅनर आणि पोतं दोन्ही येत होतं. सगळे दरीकडे गेले तेव्हा मी ते पोतं उतरवलं आणि कोपऱ्यावरच्या चहावालीला देऊन टाकलं. तिने मला दोन चहा फुकट दिले. मी दोन्ही प्यालो. रशीदभाईंना कॅरियर रिकामं दिसलं तेव्हा मी सांगितलं, बाईंनी दिलं कोणाला तरी.

हे सगळ्या गाडीने ऐकलं. मग गुरुजी म्हणाले, "म्हणजे हा माणूस इंधन देऊन चहा पिऊन आला."

मॅनेजर वाईट नव्हता. त्याने हिशेब सरळ मांडला. पाहुण्यांनी कार्यक्रमाचे पैसे भरलेत. कार्यक्रम नाही तर कॉटेजेस नाहीत, किंवा पूर्ण दराने घ्या. पूर्ण दर ऐकून गुरुजींनी पाण्याची बाटली मागितली. मॅनेजर म्हणाला, ओव्हनमध्ये करता येईल का?

"ओव्हनातल्याले पाव म्हणतात बाबू," गंगाबाई म्हणाल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोडगा म्हणजे जाडसर कणकेचे थर तेल लावून आत आत दुमडून केलेला मुठीएवढा गोळा. तो गवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरतात. तास-दीड तासाने राख झटकून फोडतात आणि आत तूप ओततात. गवऱ्या पेटून निखारा व्हायलाच तासभर जातो. साडेचार वाजले होते. जेवण आठला.

रशीदभाई गाडी घेऊन जवळच्या गावात गेले आणि अर्ध्या तासाने सहा गवऱ्या घेऊन आले. गावात घरोघर गॅस आहे, आणि ज्यांच्याकडे गवऱ्या आहेत ते त्या लग्नासाठी राखून ठेवतात. घोड्यांची देखभाल करणाऱ्या सुखदेवने वाळलेल्या लिदीचा ढीग दाखवला. तो म्हणाला, जळते मस्त. बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो घोड्यांकडे परत गेला.

वहिनी अजून गाडीतच होत्या. तीन दिवस त्या खिडकीला डोकं टेकून होत्या. चिखलदऱ्याच्या चौथ्या पॉइंटवर गंगाबाई म्हणाल्या होत्या, हे तेच खोरं हाय ना, गाडीच फिरवून आणली ना बे यायनं? तेव्हा सगळे हसले, वहिनी नाही. आता मी खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, वहिनी, सोमवारच्या गिऱ्हाइकाला फोन करा. त्या म्हणाल्या, नंबर आहे माझ्याकडे.

गंगाबाई बाथरूमला म्हणून रिसेप्शनकडे गेल्या होत्या. त्या फार लवकर परत आल्या.

"वहिनी, खाली या," त्या म्हणाल्या. मला त्यांनी बोलावलं नाही, पण मी गेलो.

रिसेप्शनच्या मागे एक मातीने सारवलेली लांब भिंत होती. तिच्यावर वरपासून खालपर्यंत ओळीने गवऱ्या थापलेल्या होत्या. प्रत्येकीवर पाच बोटं उमटलेली. वर छोटे पिवळे दिवे सोडलेले. समोर बसायला बाक. पाहुणे इथे फोटो काढत असावेत, कारण एक जोडपं तेव्हाही काढत होतं.

गंगाबाईंनी एक गवरी नखाने उचकटली, वास घेतला, कोपरा मोडून पाहिला. "रंग नाई लावला. खडखडीत वाळली हाय."

मॅनेजर धावत आला. "मॅडम, प्लीज. ते इंटिरियर आहे."

"इंटिरियर नाई बाबू. गवरी हाय. तिले जाळतात."

तो म्हणाला, डिझायनरने खास करून घेतलंय, मालक मला काढून टाकतील. तो खरंच घाबरला होता. मी त्याच्या बाजूने बोलणार होतो. नोकरी जाण्याची भीती मला तीन दिवसांत चांगली ओळखीची झाली होती. पण वहिनी पुढे झाल्या. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला.

"भाऊ, तुमचे पाहुणे आठ वाजता जेवणार ना?" त्या मॅनेजरला म्हणाल्या. "भिंत उद्या सकाळी आमी थापून देतो. हाय त्याच्याहून चांगली. नाई दिली, तर बाहेर गाडी उभी हाय. माझ्या नावावर हाय. ठेवून घ्या."

मी मनात म्हटलं, विकायची तर होतीच.

मॅनेजरने भिंतीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "खालच्या तीन ओळी ठेवा," तो म्हणाला. "फोटोत तेवढ्याच येतात."

साडेपाचला लॉनच्या कडेला विस्तव लागला. मला निखारा फुंकायला बसवलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. धुराने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला कोणी कारण विचारलं नाही.

आठला पाहुणे आले. गुरुजी बाजेवर बसले आणि त्यांनी पावसाच्या प्रदेशांची माहिती दिली. नागपूरच्या एका बाईंनी वहिनींना विचारलं, तुम्ही हे रोज करता का? वहिनी म्हणाल्या, नाही हो, आमचे साहेब लोकांकडून करून घ्यायचे आणि स्वतः बाजूला झोपायचे. आणि त्या हसल्या. मग दादा एकदा झोपेत निखाऱ्याजवळ कसा सरकला आणि त्याचा एक पायजमा कसा गेला, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. मी ऑफिसात होतो.

सकाळी भिंत. दोन गीर गायींचं शेण पुरेना, म्हणून सुखदेव गावातून दोन घमेली घेऊन आला. बायकांनी भुसा कालवला आणि थापायला घेतलं. पाहुणे चहाचे कप घेऊन बघायला आले, मग कप ठेवून स्वतःच थापायला लागले. पुण्याच्या एका गृहस्थांची गवरी चार वेळा पडली. गंगाबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, प्रेमानं नाई, रागानं मारा." पाचवी चिकटली. दहा वाजता मॅनेजरने टॅबवर काही तरी लिहिलं. मी डोकावलो. पुढच्या महिन्यापासून 'गवरी वर्कशॉप' असं नवं कलम आलं होतं, आणि त्यासमोर दर होता.

निघायच्या आधी वहिनींनी त्याच्याकडून पुढच्या वर्षीची तारीख मागितली. आणि व्हाउचर. कागदावर, सही-शिक्क्याचं.

परतीला मोताळ्याच्या पुढे राजूर घाट लागला तेव्हा मी पिशवी हातात घेऊन डोळे मिटले होते. वहिनी पुढच्या सीटवरून मागे वळल्या.

"भाऊजी, गाडी विकत नाई मी."

मी मान हलवली. तोंड उघडणं धोक्याचं होतं.

"पण तुमी ऑफिसातच बसा. तुमाले लिहिता चांगलं येते. गाडीवर मी जाईन."

तेव्हापासून तसंच चाललंय. त्यांच्या दोन टूर झाल्या. मी खुर्चीत आहे, पत्रकं लिहितो, व्हाउचर फाइलला लावतो. फक्त एक सवय बदलली. कुठल्या हॉटेलने बुकिंग सापडत नाही असं फोनवर सांगितलं तर मी लगेच व्हाउचर वाचून दाखवत नाही. आधी शांतपणे विचारतो की आमची माणसं तुमच्याकडे पाहुणी म्हणून येतायत, की कामाला.