अप्पा, राजा आणि हर्निया

अप्पांच्या हर्नियाचं ऑपरेशन एका ग्रीक राजामुळे पाऊण तास लांबलं. राजा हजारो वर्षांपूर्वीचा; चूक मात्र माझी!

साल त्र्याऐंशी. अप्पा गोकुळ रोडच्या एका कारखान्यात फिटर. मी धारवाडला इंग्रजीत एम.ए. करत होते (घरात रुबाब भरपूर, अभ्यास बेताचा). त्या सकाळी हुबळीच्या दवाखान्यात अप्पा हिरवा गाऊन घालून बसले होते. हात बर्फासारखे गार! त्यांचं मन रमावं म्हणून मी अभ्यासाला लावलेल्या महाकाव्याची गोष्ट काढली. युद्ध संपवून राजा घरी निघालाय, बायको-मुलगा वाट बघतायत आणि समुद्र काही त्याला पोचू देत नाही.

अप्पा रंगले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट रंगला. सलाईन बदलायला आलेली सिस्टर बाटली हातात धरून उभीच राहिली! राजा एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकला आणि ट्रॉली आली.

"बेग बन्नी, अप्पा! चला लवकर," सिस्टर भानावर येत म्हणाली.

"तो घरी पोचल्याशिवाय मी नाही जात."

"अप्पा, गोष्ट आहे ती!"

"माहीत आहे. पण पोचतो ना?" त्यांनी माझी बाही धरली. खाटेच्या पायथ्याशी उभ्या आईनं पदर तोंडाला लावला.

आता काय सांगणार? पुस्तक मी गुहेपर्यंतच वाचलं होतं! दिलं ठोकून : राक्षस मेला, वारा सुटला, आठ दिवसांत राजा घरी, बायकोनं गरम भाकरी वाढली. अप्पा ट्रॉलीवर आडवे झाले.

"आणि जहाजावरचे कामगार?"

"सगळे सुखरूप!"

दारातून ऐकत असलेले डॉक्टर नेमके तेव्हाच पुढे आले. "यल्लारू? सगळे? अगं, दहा वर्षं लागतात. आणि राजा एकटाच पोचतो!"

अप्पा ताडकन उठून बसले. "म्हणजे मालक वाचला आणि कामगार मेले?"

ब्लडप्रेशर दोनशेच्या घरात! ते उतरेपर्यंत आई माझ्याकडे बघत पुटपुटत होती, "तुझ्या शिक्षणापायी बाप घालवशील!"

शेवटी डॉक्टर म्हणाले, "कमरेखालीच भूल देतोय. आत चला, खरी गोष्ट मी सांगतो."

दार बंद झालं. आईनं माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. तासभर आतून आवाज नाही. आणि मग एकदम अप्पांचा आवाज, "काय सांगता! घरच्या कुत्र्यानं ओळखलं त्याला?"

आई रडता रडता हसली.

आठवड्यानं अप्पा घरी आले आणि डॉक्टरांकडून ऐकलेली अख्खी गोष्ट त्यांनी मला सांगितली. परीक्षेत नेमका त्याच महाकाव्यावर प्रश्न! मी अप्पांनी सांगितलं तस्सं लिहिलं. एम.ए.च्या त्या एकाच पेपरात मला पहिला वर्ग मिळाला. तोही सातवी पास, अर्धी भूल दिलेल्या फिटरच्या शिकवणीवर!