ढावलोची संध्याकाळ

नातवंडांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तुझी व्याख्यानमाला यंदा कशी झाली?" मी "झाली" म्हणाले आणि तुम्ही जेवलात का ते विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

उमरखेडच्या आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला मी आणि सचिव मिळून ठरवतो. वक्ते बहुधा बाहेरगावचे असतात. यंदा मी म्हटलं, एक संध्याकाळ जवळच्या तांड्यातल्या म्हातारीला द्यायची. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. तांड्यात तो पुरता येणारी ती एकटीच उरली होती.

"मॅडम, रडणं ऐकाले कोण येईल?" सचिव म्हणाले.

"दरवर्षी तुमचं प्रास्ताविक ऐकतात. हे निदान सुरात असेल."

आम्ही तांड्यात गेलो. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. मीही म्हणू लागले.

"नवरी कुठं हाय?" तिने विचारलं.

"नवरी नाही याडी, स्टेजवर गायचंय."

"मंग कोणापायी रडू? या सचिवापायी?"

"रडा न! घरी तं माह्यासाठी कोणी रडत नाही," सचिव म्हणाले.

ती खूप हसली, पण कबूल झाली नाही. नवरी नसताना ढावलो म्हटला तर घरातलं कोणीतरी उगाच वाटेला लागतं, असं ती मानायची. शेवटी तोड तिनेच काढली. लग्न ठरलं की म्हाताऱ्या नवरीला ढावलो शिकवतात. "नातीचं जमून राह्यलं. तिले शिकवीन तवा या. मोबाइलात भरून घ्या, मंग ऐकवा कोणालेबी."

आम्ही थांबलो. मालेच्या कार्यक्रमपत्रिकेत तिची संध्याकाळ सगळ्यात शेवटी ठेवली. कापूस वेचणीत लग्नाची बोलणी लांबली आणि तेवढ्यात याडीला लकवा मारला. वाचा गेली. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून मग लग्न घाईने ठरलं.

शिकवायच्या दिवशी मला बोलावणं आलं. नात खाटेला टेकून बसली आणि तिने याडीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. याडी पुन्हा पुन्हा तोंड उघडायची. सूर वर चढायचा, लांबायचा, मोडायचा. शब्द एकही फुटेना.

"काय म्हणू, याडी? काय म्हणू?" नात विचारत राहिली. याडीची सून उठून बाहेर भांडी घासायला गेली. मोबाइल चालू होता. त्यात तेवढंच भरलं.

लग्न झालं आणि आठवडाभरात याडी गेली. मालेच्या शेवटच्या संध्याकाळी सचिवांनी खुर्च्या मांडल्या होत्या. मी उठून काय झालं ते सांगितलं, मोबाइलातलं ऐकवलं नाही. मग लोक घरी गेले.

नात आता महागावला सासरी असते. तिला ढावलोची चाल येते. शब्द कोणालाच येत नाहीत.