डीपीआयभाऊंचा निळा

फ्लेक्स छापायला मशीनला जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त वेळ डीपीआयभाऊंना तो नीट का छापला जाणार नाही हे सांगायला लागायचा. सांगून झालं की ते छापून देत. तो खरोखरच नीट आलेला नसे. भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र अंदाज बरोबर ठरल्याचं समाधान दिसे.

यवतमाळात आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं आणि त्यांचं दुकान खाली. जिना दुकानातून वर जायचा, त्यामुळे कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला आधी डिजिटल प्रिंटिंगचा एखादा धडा ऐकावा लागे. ग्राहक काउंटरवर मोबाइल ठेवायचा आणि म्हणायचा, हा फोटो मोठा करून द्या. भाऊ मोबाइलला हात न लावता विचारत, "डीपीआय किती?" ग्राहकाला ते ठाऊक नसे, ठाऊक असतं तर तो दुसऱ्या दुकानात गेला असता. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव पाटीवर होतं, पण ती पाटी त्यांनी स्वतः छापली होती आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यावरची अक्षरं उडाली. त्यासाठीही त्यांच्याकडे शब्द होता. "यूव्ही," ते म्हणत, आणि पाटीकडे पाहून मान हलवत. नवी पाटी त्यांनी लावली नाही.

समजावण्याची हातोटी त्यांच्याकडे होती, हे नोंदवलं पाहिजे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती टिपके, एवढं सांगून ते थांबत नसत. "कापसाचं वावर रस्त्यावरून कसं दिसते? पांढरंशुभ्र. आत गेलं का बोंड बोंड येगळं दिसते, अन् मधात माती. तुमचा फोटो मंजे विरळ पेरलेलं वावर हाये. तो मी मोठा केला तर मातीच दिसन." ब्लीड म्हणजे शिलाईत जाणारं कापड; कापताना ते जाणारच, म्हणून आधीच जास्तीचं ठेवायचं. व्हेक्टर म्हणजे नुसती बाह्यरेषा, तिच्यात टिपके नाहीत, म्हणून ती गावाएवढी मोठी केली तरी फाटत नाही. हे सगळं खरं होतं. माझ्या माहितीतल्या एकाही उपसंपादकाने ते इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेलं नाही.

अडचण एवढीच होती की हे ज्ञान मशीनपर्यंत पोहोचत नसे. फ्लेक्सवर आडव्या रेघा आल्या तर ते बँडिंग. नवरदेवाचा कान कापला गेला तर ग्राहकाने ब्लीड सोडलेलं नव्हतं. नवरीचा चेहरा हिरवट आला तर फाइल आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगांची, होती. दुकानात एकही चूक भाऊंची होत नसे. प्रत्येक चुकीला इंग्रजी नाव होतं. बोरीअरबचे एक गृहस्थ वडिलांच्या तेरवीचा फ्लेक्स न्यायला आले आणि वडिलांच्या कपाळावरची रेघ बोटाने पुसू लागले. भाऊंनी त्यांना मशीनच्या हेडमधली शाई सुकणं म्हणजे काय ते मनापासून समजावलं. गृहस्थ जाताना आभार मानून गेले.

ग्राहकवर्गही त्यांना शोभेसाच होता. निवडणुका लांबल्या तेव्हा शहरातला प्रत्येक दुसरा माणूस 'भावी नगरसेवक' झाला होता आणि प्रत्येकाचा वाढदिवस येत होता. मधोमध भावी, आणि खाली शुभेच्छुकांची डोकी, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी दाटीवाटीने. डोकं केवढं यावर भांडणं होत. एका भावींनी आपला रंग जरा उजळ करायला सांगितलं. भाऊंनी चेहरा इतका उजळला की नाक दिसेना. तक्रार आली तेव्हा ते म्हणाले, "हायलाइट क्लिप झाला. जे पांढरं झालं त्यातून डिटेल वापस येत नाही." भावी निवडून आले नाहीत. भाऊंनी त्याचं कारणही तेच सांगितलं.

दुकान खरं तर वहिनी चालवत. फ्लेक्सच्या कडा दुमडणं, चिकटवणं, दोरी ओवायला रिंगा ठोकणं, ग्राहकाला दिलेला शब्द लक्षात ठेवणं, हे सारं त्यांच्याकडे. भाऊ बोलत असताना त्या रिंगा ठोकत, आणि बोलणं फार लांबलं की जरा जोरात ठोकत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, हे सगळं तुम्हाला समजतं का. त्या म्हणाल्या, "समजते ना. पण मी समजली मंजे फ्लेक्स थोडीच साजरा होते."

चौदा एप्रिलच्या जयंतीचं काम मात्र वेगळं असे. भाऊ ज्या वस्तीत राहत, तिच्या चौकातली कमान हे त्यांचं वर्षातलं एकमेव असं काम होतं ज्याच्याखालून ते स्वतः बायको-मुलींसह चालत जात. बाकीचे फ्लेक्स ते शहरात टांगून विसरत. दरवर्षी कमानीवर पांढऱ्या जमिनीवर निळी अक्षरं असत, आणि कोणाची तक्रार नसे. एका वर्षी उत्सव समितीचा अध्यक्ष प्रकाश झाला. तो ऑटो चालवायचा आणि थोडक्यात बोलायचा. त्याने ठरवलं की पूर्ण कमान निळी करायची, झेंड्यासारखी, आणि मधोमध तसबीर. वस्तीतल्या एका कॉलेजच्या मुलीने मोबाइलवर डिझाइन केलं. मोबाइलवर तो निळा दिव्यासारखा उजळत होता. समितीने तो पाहिला, वस्तीने पाहिला, आणि सगळ्यांच्या मनात तोच बसला.

तेरा तारखेला सकाळी समिती दुकानात आली. भाऊंनी फाइल मशीनला लावली आणि काउंटरवर येऊन सगळ्यांना टेस्ट प्रिंट म्हणजे काय ते सांगू लागले. पडद्यावरच्या रंगावर कधीही विश्वास ठेवू नये. आधी वीतभर पट्टी काढावी, ती उन्हात नेऊन पाहावी, मग मोठं काम सोडावं. मोठमोठे लोक ही पट्टी काढत नाहीत आणि फसतात. समिती लक्ष देऊन ऐकत होती. मागे मशीन चालू होती आणि पट्टी न काढलेली कमान तिच्यातून सलग बाहेर येत होती.

फ्लेक्स रस्त्यावर उलगडला तेव्हा तो जांभळा होता. थोडासा नव्हे, वांग्यासारखा.

प्रकाश फ्लेक्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. मग म्हणाला, "भाऊ, हे काय होय?"

भाऊंनी सांगायला सुरुवात केली. मोबाइलचा पडदा उजेडाने रंग करतो, मशीन शाईने. शाया चार: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. गडद निळा करायचा तर सायनमध्ये मॅजेंटा घालावा लागतो, आणि मॅजेंटा जरा जास्त झाला की जांभळा. ज्या रंगांपर्यंत मशीन पोहोचू शकते त्या हद्दीला गॅमट म्हणतात. हा निळा हद्दीच्या बाहेर आहे. "उजेडातला निळा शाईत मावत नाही," ते म्हणाले. वाक्य चांगलं होतं, आणि बिनचूक होतं.

"पुऱ्या जिल्ह्याच्या भावी नगरसेवकायचे डोके मावते तुमच्या मशीनमंदी," प्रकाश म्हणाला. "आमचाच निळा मावत नाही?"

भाऊंकडे याला शब्द नव्हता. मी जिन्यावर उभा होतो. संध्याकाळी कमान उभी राहायची होती. जांभळी कमान लावली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्त्यांच्या मिरवणुका तिच्याखालून जाणार होत्या, आणि ती कोणी छापली हे कोणाला विचारावं लागणार नव्हतं. भाऊंनी मॅजेंटा कमी करून पट्टी काढली. ती आभाळी आली. आणखी एक काढली, ती मोरपिशी. काळी शाई घातली तर शाळेच्या गणवेशाचा रंग आला. प्रत्येक पट्टी ते स्वतः उन्हात नेत आणि प्रकाशकडे न बघता परत आणत.

वहिनी या सगळ्यात केव्हा बाहेर पडल्या ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या स्कूटीच्या पायदानावर निळ्या पॉपलीनचा तागा होता, ज्याचे झेंडे शिवतात तोच. त्यांनी तागा जांभळ्या फ्लेक्सवर टाकून उलगडला.

"हे पाहा, निळा," त्या भाऊंना म्हणाल्या. "मशीनीनं छापलाच पाहिजे असं कुठं लिहेल हाये?"

प्रकाशने कापड हातात घेऊन पाहिलं आणि तागा घेऊन ऑटो वस्तीकडे वळवला. दुपारभर वस्तीतल्या बायकांनी पट्टे जोडून शिवले आणि मुलांनी बांबूच्या सांगाड्यावर ताणले. फ्लेक्समधून तसबीर तेवढी कापून घेतली. राहिली अक्षरं. ती भाऊंनी कोऱ्या पांढऱ्या फ्लेक्सवर पेन्सिलने आखून कटरने कापली, गुडघ्यांवर बसून, एकेक. अक्षरं सुंदर होती. मशीन येण्याआधी हा माणूस ब्रशने पाट्या रंगवायचा, हे मला त्या दिवशी वहिनींकडून कळलं. त्याबद्दल त्यांनी स्वतः कधी एक शब्द काढला नव्हता. त्या कामाला बहुधा इंग्रजी नाव नसावं.

कमान उभी राहिली. ती निळी होती. लोक थांबून बघत होते, आणि जरा गर्दी जमली तसे भाऊ पूर्ववत झाले. चार शाया मिसळून केलेला रंग वेगळा, असं ते एका शिक्षकांना सांगत होते, आणि मुळातच तयार असलेला एकच रंग वेगळा. याला स्पॉट कलर म्हणतात, मोठ्या कामाला तोच घ्यावा. अक्षरं पाहा, व्हेक्टर आहेत. प्रकाश शिडी धरून उभा होता. "भाऊ," तो म्हणाला, "मंग सकाळी काहून नाही सांगतलं हे?" भाऊ शिक्षकांना घेऊन कमानीच्या दुसऱ्या बाजूला गेले.

पंधरा तारखेच्या अंकात आम्ही कमानीचा मोठा रंगीत फोटो पहिल्या पानावर घेतला. सकाळी भाऊ अंक घेऊन जिना चढून आले. यापूर्वी ते कधी वर आले नव्हते. त्यांनी अंक माझ्या टेबलावर पसरला आणि फोटोवर बोट ठेवलं. आमच्या छापखान्यातही शाया चारच. कमान जांभळी आली होती.

"मावत नाही," ते म्हणाले. अंकाची घडी केली, काखेत घेतली आणि खाली गेले. तो अंक त्यांनी नंतर काउंटरच्या काचेखाली ठेवला आणि तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला दाखवला. पेपरवाल्यांनाही जमलं नाही, असं ते सांगत. जिल्हा कार्यालयाची यामुळे झालेली बदनामी आम्ही निमूटपणे सहन केली.

त्यानंतर समितीने कमान छापायला दिली नाही. कापड धुऊन, घडी करून प्रकाशच्या घरच्या पेटीत जाऊ लागलं. स्वतः ज्याच्याखालून चालत ते वर्षातलं एकमेव काम भाऊंनी असं गमावलं आणि हाती भावींचे वाढदिवस तेवढे राहिले. त्यांनी कुरकुर केली नाही. कमान बांधायच्या दिवशी न बोलावता जात आणि अक्षरं लावून देत.

माझी बदली झाली त्या वर्षी मी यवतमाळ सोडलं ते एप्रिलातच. तेरा तारखेला दुकानात निरोप घ्यायला गेलो तर वहिनी एकट्याच रिंगा ठोकत होत्या. कमानीचा एक पट्टा उन्हाने विटला होता, म्हणून भाऊ नवं कापड आणायला सकाळीच गेले होते, असं त्या म्हणाल्या. "तीन दुकानं झाले. जुन्याशी मिळतच नाही म्हणते."

कापडबाजारात ते मला सापडले. खिशातून जुन्या कमानीची बोटभर चिंधी काढून त्यांनी दुकानदाराच्या ताग्यावर ठेवली होती. ट्यूबलाइटखाली दोन्ही निळे सारखे दिसत होते. दुकानदार म्हणाला, घ्या ना भाऊ, तोच तर आहे. भाऊंनी मान हलवली, ताग्याचं टोक आणि चिंधी धरून बाहेर रस्त्यावर आले आणि उन्हात दोन्ही शेजारी धरले. तिथे ते वेगळे होते. ताग्याच्या निळ्यात किंचित जांभळी झाक होती.

दुकानातल्या दिव्याखाली सारखे आणि उन्हात वेगळे दिसणाऱ्या रंगांनाही काहीतरी नाव असणार, आणि ते त्यांना ठाऊक असणार. मी थोडा वेळ थांबलो. त्यांनी सांगितलं नाही. तागा परत केला, चिंधी नीट घडी करून खिशात ठेवली, मला हात केला, आणि पुढच्या दुकानाची पायरी चढले.